कंधारचं घड्याळ

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. मोजणीला गेलं की बांधाच्या दोन्ही बाजूंना दोन भाऊ उभे असायचे, आणि दोघांनाही वाटायचं की ही बाई दुसऱ्याच्या बाजूची आहे. यंत्र मांडायच्या आधीच कुणीतरी म्हणायचं, "मॅडम, सरळ मोजा बरं का." वीस वर्षं हे ऐकल्यावर माणूस स्वतःही तसाच होतो. कुणी कागद पुढे केला की मी आधी त्याची तारीख बघायचे, मग सही, मग मजकूर. हा स्वभाव कचेरीत कामाला यायचा. तोच मी घेऊन आकाशाकडे गेले आणि एका भल्या माणसाला दुखावून बसले.

तेव्हा मी उदगीरला होते. पाऊस दोन वर्षं रुसलेला. नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी यायचं, तेही कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. देवणीकडे मोजणीला गेले तर गोठे मोकळे असत, जनावरं चारा छावणीत. पुढे लातूरला आगगाडीने पाणी आणावं लागलं, ते हेच वर्ष. आणि याच वर्षी उदगीरमध्ये दुसरी एक हवा होती. उदगीर जिल्हा होणार. आज घोषणा होणार, उद्या होणार. ज्यांच्या विहिरीत चुळभर पाणी नव्हतं त्यांच्या जमिनीचे भाव रोज वेगळे सांगितले जात होते.

या सगळ्यात मी गच्चीवर दुर्बीण लावून बसले होते.

त्याची सुरुवात नांदेडला झाली. तिथल्या एका कॉलेजात आकाशदर्शनाचं दोन दिवसांचं शिबिर होतं. मला ध्रुवताऱ्यावरून उत्तर दिशा काढायला प्रशिक्षणात शिकवलं होतं, तेवढ्या ओळखीवर मी गेले. गर्दी बरीच होती, नंतर टिकलो आम्ही सहाजण. त्यातले एक कंधारचे चाचा. साठीला आलेले, बस स्टँडसमोर चष्म्याचं दुकान. दुर्बिणीचा आरसा त्यांनी गल्ल्यामागे बसून हाताने घासून तयार केला होता. शिबिराला ते तो आरसा बायकोच्या जुन्या शालीत गुंडाळून घेऊन आले होते.

"किती दिवस लागले?" मी विचारलं.

"चौदा महिने. त्यातले दोन महिने उलटंच घासून राहिलो होतो," ते म्हणाले आणि हसले.

त्या आरशाची दुर्बीण झाली. सहाजणांनी मिळून एक वापरलेला कॅमेरा आणला. मग ठरलं की नुसतं बघत बसायचं नाही, काही मोजायचं. पृथ्वीच्या जवळून जाणारे लघुग्रह असतात, म्हणजे आकाशात फिरणारे दगडच. आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही मिनिटांच्या अंतराने फोटो काढायचे. तारे जागच्या जागी राहतात, एखादा ठिपका सरकतो. ताऱ्यांच्या मानाने तो ठिपका नेमका कुठे आहे ते संगणकावर मोजायचं आणि परदेशातल्या एका केंद्राला पाठवायचं. जगभरातले हौशी लोक तिथे आकडे पाठवतात, आणि त्यांवरून त्या दगडाची वाट ठरते. मोजमाप विकलांमध्ये असतं. पाच किलोमीटरवर रुपयाचं नाणं उभं धरलं तर ते जेवढं दिसेल, तेवढी एक विकला. मला हे काम लगेच आवडलं. शेजारी बांधावर उभं राहून कुणी ओरडत नव्हतं.

आमच्या सहाजणांत मोजणी मी करायची असं ठरलं. दुर्बीण माझ्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर लागली. केंद्राने त्या जागेला एक सांकेतिक क्रमांक दिला. पाठवायच्या प्रत्येक फाइलीत पहिल्या ओळीत तो लिहायचा असतो.

घरमालक मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडत व्यापारी. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलायला मऊ. पहिला महिना काही बोलले नाहीत. मग एकदा सकाळी जिन्यात थांबले.

"मॅडम, एक इचारू का? राग न्हाई ना?"

"विचारा की."

"कलेक्टर ऑफिस कुठं होऊन राहिलंय?"

मला कळेना. मी म्हटलं, "मला काय माहीत?"

"असं कसं? तुमी मोजणी खात्यात. वर मशीन लावलंय. लोक इचारायले मला." ते आवाज खाली आणून म्हणाले, "आमाला सांगून ठेवलं तर कुणाला कळणार न्हाई."

मी त्यांना गच्चीवर नेलं, दुर्बीण दाखवली. ती वर बघते, जमिनीकडे वळतही नाही, हे फिरवून दाखवलं. ते मान हलवत होते, पण नजर सगळी कठड्याकडे. तिथून शहराबाहेरची कोणती शेतं दिसतात ते ते बघत होते. खाली उतरताना म्हणाले, "दुसरं काय बी म्हणतेत लोक. ह्या मशीनीनं ढग हाकलून लावत्यात म्हणे."

त्याला मी हसले. पण ते वाक्य मला टोचलं, कारण आभाळ स्वच्छ राहिलं की आम्हाला बरं वाटायचं. भाद्रपदातही ढग नव्हते, आणि आमची एकही रात्र वाया गेली नव्हती. पाण्याच्या रांगेत घागर घेऊन उभी असताना मी वर बघायचे, आणि शेजारच्या बायकाही वर बघायच्या. आम्ही वेगवेगळ्या कारणांनी बघत होतो. मी मान खाली घालायचे.

दिवाळीनंतर कचेरीत साहेबांनी बोलावलं. टेबलावर एक निनावी अर्ज होता. सदर कर्मचारी आपल्या राहत्या घरावरून यंत्राद्वारे खाजगी मोजणी करून जमिनीच्या दलालांना माहिती पुरवतात, वगैरे.

"काय मोजता तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"दगड, सर."

"कुणाच्या शेतातले?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझा विश्वास आहे. पण लेखी खुलासा द्या. आणि ते यंत्र तिथून काढा."

अर्ज कुणी लिहिला ते मला आजही माहीत नाही. तेव्हा मात्र प्रत्येकावर संशय आला. मालकांवर, टेबलाशेजारच्या सहकाऱ्यावर, माझ्याकडून दोनदा नकार ऐकून गेलेल्या एका दलालावर. अर्जातला 'ळ' कसा काढलाय ते मी लक्षात ठेवलं होतं आणि महिनाभर सगळ्यांच्या हस्ताक्षरात तो 'ळ' शोधत होते. चहा आणून देणाऱ्यालाही मी एकदा कागदावर नाव लिहायला लावलं.

त्याच आठवड्यात जीप करून दुर्बीण कंधारला चाचांच्या गच्चीवर गेली. घाईघाईत, भांडी हलवावी तशी. चाचांनी फोटो काढायचे आणि पाठवायचे, मी पहाटे उठून कचेरीच्या आधी मोजायचे, केंद्राला पाठवायचं, अशी वाटणी झाली. हे तीन-चार महिने छान चाललं. चाचांचे फोटो माझ्यापेक्षा चांगले येत. दूरच्या लघुग्रहांचे आमचे आकडे हिशेबाच्या वाटेवर अगदी बसत होते.

शिमग्याच्या सुमारास एक नवा दगड सापडल्याची बातमी आली. चंद्राच्या तिप्पट अंतरावरून तो जाणार होता. आमच्यासाठी ही मोठी गोष्ट. इतकं जवळचं आम्ही काही मोजलं नव्हतं. तो उत्तरेकडून दक्षिणेकडे जवळजवळ सरळ रेषेत चालला होता, आणि वेगात. चाचांनी फोटो पाठवले, मी मोजले, पाठवून दिले. संध्याकाळी केंद्राची दोन ओळींची ई-मेल आली. बाकीच्या निरीक्षकांच्या मानाने तुमच्या मोजमापांत लघुग्रह त्याच्या वाटेवर थोडा पुढे आहे. तुमचं घड्याळ मागे असण्याची शक्यता आहे, कृपया तपासा.

मी हिशेब केला. फरक पाच सेकंदांचा येत होता. फोटोवर वेळ पडते ती लॅपटॉपच्या घड्याळावरून. चाचांना फोन लावला.

"चाचा, लॅपटॉपचं घड्याळ मागे आहे."

"न्हाई बाई. सुरू करायच्या आधी मी मोबाईलशी दोनदा मिळवलं. बिलकुल बरोबर हाय."

"केंद्रानं लिहिलंय."

"आज परत मिळवतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीचे फोटो आले. मी मोजले. फरक पुन्हा पाच सेकंद. थोडासाही कमी-जास्त नाही. मला रागच आला. घड्याळ लावलंच नाही आणि लावलं म्हणून सांगतात, असंच मला वाटलं. मोजणीच्या कामात हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. शिपाई खूण न शोधताच सांगतो, खूण सापडली. मी फोनवर आवाज चढवला.

"पाच सेकंद, चाचा. काल पाच, आज पाच. तुम्ही लावलं असतं तर असं झालं असतं का?"

"लावलं होतं," ते एवढंच म्हणाले.

"मग पाच सेकंद आले कुठून?"



तिसऱ्या दिवशीचे आकडे मोजले तर फरक शून्याजवळ. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मला ते आकडे फार स्वच्छ वाटले. आमच्या खात्यात अशा मोजणीला 'टेबल मोजणी' म्हणतात. जागेवर न जाता कचेरीत बसून, जुळेल असा आकडा लिहून टाकलेली. फोटोच्या फाइलीत वेळ लिहिलेली असते, आणि ती बदलता येते. चाचांनी वेळा बदलून पाठवल्या, असं माझ्या डोक्यात बसलं. बाकी कुणाला काही बोलले नाही. किरकोळ रजा टाकली, चाचांनाही न कळवता सकाळची एसटी धरली. त्यांनी आधी काही आवरून ठेवायला नको, म्हणून.

मुखेडला गाडी बदलली. रस्त्यात टँकर, पाण्याच्या टाक्या भरलेल्या बैलगाड्या. मन्याडच्या पात्रात माणसं खड्डे खणून बसलेली. मी मात्र पिशवीतल्या कागदांवर तिन्ही दिवसांच्या वेळा लाल पेनाने लिहून, समोर ठेवून काय काय विचारायचं ते ठरवत होते. चौकशीला निघाल्यासारखी.

दुकानात एक म्हातारी बाई आरशासमोर चष्मा लावून बघत होती. चाचा वाकून तिच्या कानामागची काडी नीट करत होते. मी सलाम नाही, नमस्कार नाही, उभ्या उभ्याच म्हटलं, "चाचा, फाइलीतल्या वेळा तुम्ही बदलल्या का?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, मग चाचांकडे. तिला वाटलं असावं, मी कुठल्या तरी खात्याकडून आले आहे. ते खरंही होतं म्हणा.

चाचांनी काडी पुरी बसवली. "दिसतं का नीट, आजी? जवळचं बघा. दूरचं बघा." तिला बाहेरपर्यंत सोडून आले. मग मला म्हणाले, "चला वर."

गच्चीवर दुर्बीण ताडपत्रीखाली होती. ताडपत्रीवर लाल धूळ. चाचांच्या घरच्यांनी तांब्यात पाणी आणून दिलं. ते मी घेतलंही आणि प्यायलेही, आणि लगेच लॅपटॉप उघडायला लावला. माझ्या मोबाईलवर उपग्रहावरून वेळ दाखवणारी सोय होती. दोन्ही शेजारी ठेवले.

लॅपटॉप पाच सेकंद पुढे होता.

"हे पुढे का आहे?" मी विचारलं.

"मी केलं."

"का?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमीच म्हणाला, पाच सेकंद मागं हाय. मी दोनदा मिळवलं, बरोबर दाखवत होतं. मग म्हटलं, मोजणी तुमची हाय, आपल्यापेक्षा तुमाला जास्त कळतं. मोबाईलचंच काही बिघडलं असंल. पाच सेकंद पुढं केलं." मग म्हणाले, "फाइलीला हात न्हाई लावला. फाइलीला कशाला लावीन?"

मी लाल पेनाचा कागद पिशवीतून काढलाच नाही.

घड्याळ आज पाच सेकंद पुढे, म्हणजे त्याआधी ते बरोबर होतं. पहिले दोन्ही दिवस बरोबर. मग पाच सेकंद आले कुठून? मीच विचारलेला प्रश्न आता माझ्याकडे आला होता. ठिपका वाटेवर पुढे म्हणजे दक्षिणेला दिसला होता. वेळ बरोबर, फोटो बरोबर, मोजणी मी पुन्हा पुन्हा तपासलेली. मी कठड्याला टेकून उभी राहिले. समोर किल्ल्याचा बुरूज दिसत होता. उदगीरलाही किल्ला आहे, पण माझ्या गच्चीवरून तो असा समोर दिसायचा नाही, असं काहीतरी निरर्थक मनात आलं, आणि 'माझ्या गच्चीवरून' याच शब्दांशी मी थबकले.

मी पेनड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावला. केंद्राला पाठवलेली फाइल उघडली. पहिली ओळ. सांकेतिक क्रमांक उदगीरचा.

दुर्बीण दिवाळीनंतर कंधारला आली होती. माझ्या संगणकातल्या फाइलीने मात्र घर बदललं नव्हतं. दोन्ही गावांमध्ये सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर, कंधार उत्तरेला. दूरच्या लघुग्रहाला या अंतराने काही फरक पडत नाही, म्हणून इतके महिने काही दिसलं नाही. जवळच्याला पडतो. बोट डोळ्यासमोर धरून एकदा हा डोळा मिटला, एकदा तो, की बोट हलतं, तसंच. उत्तरेकडून बघणाऱ्याला जवळची वस्तू दक्षिणेला सरकलेली दिसते. हा दगड दक्षिणेलाच चालला होता, म्हणून तो पुढे गेल्यासारखा दिसला. तो सेकंदाला दहा-अकरा किलोमीटर जात होता. पन्नास-पंचावन्नला अकराने भागलं की पाच.

मोजणीला गेल्यावर सगळ्यात आधी आपण कुठे उभे आहोत ते लिहायचं असतं. हे मी नव्या मुलांना शिकवत होते.

"चाचा," मी म्हटलं, "चूक माझी आहे." आणि सगळं सांगितलं. ते डोळे बारीक करून ऐकत होते. बोट समोर धरून त्यांनी एक डोळा मिटला, मग दुसरा. चष्म्याचा माणूस, त्यांना माझ्याआधी समजलं.

"म्हंजे ते पाच सेकंद माझे नव्हते."

"नव्हते."

"मग घड्याळ मागं घेऊ?"

"घ्या."

त्यांनी माझ्यासमोर घड्याळ मिळवलं. दोनदा. मग खाली जाऊन चहा सांगितला. मी माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या, होतं." मी पुन्हा मागितली, तेव्हा ते म्हणाले, "बाई, फोनवर म्हणाला ते ठीक. दुकानात म्हणायला नको होतं. ती आजी माझी जुनी गिऱ्हाईक हाय."

एरवी ते मला स्टँडपर्यंत सोडायला यायचे, गाडी हलेपर्यंत थांबायचे. त्या दिवशी दुकानाच्या पायरीवरूनच हात केला.

परतीच्या गाडीत मी स्वतःला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मला आवडलं नाही. आमच्यातल्या एकाचं, नांदेडच्या प्राध्यापकांचं, घड्याळ असतं तर मी असं न सांगता गेले असते का? दारात उभी राहून असं विचारलं असतं का? नसतं. त्यांना मी आधी म्हटलं असतं, सर, माझंच काही चुकलंय का बघते. छोट्या गावातल्या चष्म्याच्या दुकानदाराबद्दल मला तसं वाटलं नव्हतं. माझ्या घरमालकांना माझी दुर्बीण दिसली आणि त्यांनी मनातल्या मनात तिला जमिनीकडे वळवलं. मीही वेगळं काही केलं नव्हतं.

केंद्राला मी लांबलचक पत्र लिहिलं. दिवाळीनंतरची सगळी मोजमापं चुकीच्या जागेच्या नावाने गेली आहेत, घड्याळाबद्दलची शंका चुकीची होती, आणि तिसऱ्या दिवशीच्या वेळा पाच सेकंद पुढच्या आहेत, त्या माझ्या सांगण्यावरून. आता ते आम्हाला कायमचं बाद करतील असं वाटलं. उत्तर आलं, तेही दोन ओळींचं. नोंद घेतली, आकडे दुरुस्त करतो. कंधारच्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि उंची कळवा. काही दिवसांनी कंधारला स्वतःचा क्रमांक मिळाला. तो मी स्वतः जाऊन चाचांना सांगितला, या वेळी आधी फोन करून. त्यांनी तो खडूने दुकानातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला लिहिला.

जिल्हा काही झाला नाही. घरमालक एकदा म्हणाले, "मॅडम, तुमी मशीन हलवलं तवाच मी वळखलं, इथं काय होत न्हाई आता." ते मनापासून म्हणत होते. मी खुलासा केला नाही. त्या वर्षी पुढे पाऊसही पडला, चांगला पडला, आणि अनेक आठवडे आमचं काम बंद राहिलं. कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही, मलाही नाही.

ढग गेल्यावर चाचांनी पुन्हा फोटो पाठवायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी लघुग्रहाच्या फोटोंबरोबर आणखी एक फोटो होता. लॅपटॉपचं घड्याळ आणि त्यांचा मोबाईल शेजारी शेजारी, दोन्हीकडे एकच सेकंद. मी फोन केला.

"चाचा, याची गरज नाही. खरंच नाही."

"राहू द्या, बाई. मला बरं वाटतं."

त्यानंतर प्रत्येक वेळी तो फोटो यायचा. मोबाईलची काच मध्येच एकदा फुटलेली, मागे गच्चीचा कठडा, कधी त्यांचा अंगठा. मी तो उघडायचे आणि बंद करायचे. बघितला नाही असं व्हायचं नाही, आणि बघितला की बरंही वाटायचं नाही. वर्ष, सव्वा वर्ष हे चाललं. मग एका सकाळी फोटो मोजायला घेतले, तेव्हा लक्षात आलं की आज घड्याळाचा फोटो नाही. विसरले असतील असं वाटलं. दुसऱ्या दिवशीही नव्हता. मी काही विचारलं नाही, आणि वेळा तशाच धरून मोजायला बसले.